४०० किलोमीटरवरचा स्टँडबाय: सिंक्रोनस की असिंक्रोनस?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवरचा ८०० जीबीचा प्रायमरी डेटाबेस, म्हणजे ज्यावर रोजचं काम होतं तो, एका डेटा सेंटरमध्ये चालतो. आपत्तीच्या वेळी कामी यावा म्हणून ४०० किलोमीटरवरच्या दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये त्याचा स्टँडबाय, म्हणजे सतत ताजी राहणारी प्रत, उभा करायचा आहे. दोन्हींच्या मध्ये १०० मेगाबिटची लाइन आहे. रेप्लिकेशन, म्हणजे प्रायमरीवरचे बदल स्टँडबायवर पोचवणं, सिंक्रोनस (पोच येईपर्यंत थांबणारं) ठेवावं की असिंक्रोनस (न थांबणारं)? फेलओव्हर, म्हणजे प्रायमरी गेल्यावर स्टँडबायने त्याची जागा घेणं, आपोआप व्हावा का? आणि स्टँडबाय आला की रोजचा बॅकअप बंद केला तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे चूक झाली तर बाकीची मेहनत वाया जाते. बॅकअप बंद करू नका. स्टँडबाय ही प्रायमरीची सावली आहे. कुणी ‘व्हेअर’ न लिहिता ‘डिलीट’ चालवला, तर तो बदल काही मिलिसेकंदांत ४०० किलोमीटर पार करतो आणि तिथल्याही ओळी पुसल्या जातात. स्टँडबाय मशीन, इमारत किंवा शहर गमावण्यापासून वाचवतो. माणसाच्या आणि प्रोग्रामच्या चुकीपासून वाचवतो तो बॅकअप, आणि त्याच्यासोबत साठवलेल्या वॉल फाइली (वॉल म्हणजे प्रत्येक बदलाची क्रमाने लिहिलेली नोंद), ज्यांच्या जोरावर चुकीच्या आधीच्या क्षणापर्यंत डेटाबेस परत नेता येतो. जागा असेल तर मुद्दाम मागे ठेवलेला आणखी एक स्टँडबायही लावता येतो. पोस्टग्रेसमध्ये ‘रिकव्हरी मिन अप्लाय डिले’ ही सेटिंग ९.४ पासून आहे. तिथे ४ तास लिहिलं, तर वॉल लगेच पोचतो पण ४ तासांनी लागू होतो. तेवढ्या वेळात चूक लक्षात आली तर डेटा हाताशी असतो.

३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेची घटना या कामात असणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी सविस्तर वाचावी. त्यांनी स्वतःच तिचा अहवाल जाहीर केला होता. लोड वाढल्याने स्टँडबाय इतका मागे पडला की त्याला हव्या असलेल्या वॉल फाइली प्रायमरीने तोवर काढून टाकल्या होत्या, आणि त्या वेगळ्या कुठे साठवल्या जात नव्हत्या. स्टँडबाय नव्याने भरायच्या खटपटीत रात्री उशिरा एका इंजिनिअरने डेटा डिरेक्टरी पुसली. ती प्रायमरीची निघाली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले तेव्हा ते थांबलं. मग बॅकअप शोधले, तर रोजचा डंप (सगळा डेटा फाइलीत उतरवणारा बॅकअप) व्हर्जन न जुळल्यामुळे अपयशी ठरत होता आणि त्याच्या सूचना कुणापर्यंत पोचत नव्हत्या. कुणीतरी सुमारे ६ तास आधी वेगळ्याच कारणासाठी घेतलेल्या स्नॅपशॉटवर (त्या क्षणीच्या डिस्कच्या प्रतीवर) डेटाबेस परत उभा राहिला. त्या इंजिनिअरला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. रात्री दमलेल्या माणसासमोर दोन सारख्या दिसणाऱ्या काळ्या खिडक्या उघड्या असतील, तर ही चूक कुणाच्याही हातून होईल. म्हणून माझा पहिला आग्रह अगदी साधा असतो: प्रायमरीच्या टर्मिनलचा प्रॉम्प्ट लाल ठेवा आणि त्यात ‘प्रायमरी’ हा शब्द दिसू द्या. आणि तो भूमिकेवरून ठरू द्या, मशीनच्या नावावरून नको, कारण फेलओव्हरनंतर नावं तीच राहतात आणि भूमिका बदलतात.

आता मूळ मुद्दा. सिंक्रोनस म्हणजे प्रायमरीवरचा कमिट (बदल पक्का करण्याचा हुकूम) तेव्हाच पूर्ण झाला असं ॲप्लिकेशनला कळतं, जेव्हा त्याचा वॉल स्टँडबायच्या डिस्कवर लिहिल्याची पोच येते. असिंक्रोनसमध्ये प्रायमरी थांबत नाही, वॉल मागून जात राहतो. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये वॉलच्या जागी रीडू आणि मायएसक्यूएल या तिसऱ्यामध्ये बिनलॉग म्हणा, हिशेब तोच. सिंक्रोनसमध्ये अंतराची किंमत प्रत्येक कमिट मोजतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे ४०० किलोमीटर जायला २ मिलिसेकंद आणि पोच परत यायला २, असे किमान ४. तारेचा मार्ग नकाशावरच्या सरळ रेषेने जात नाही आणि वाटेतली यंत्रंही वेळ घेतात, त्यामुळे ६ ते ८ मिलिसेकंद धरून चाला. तुमचा आकडा पिंगने मोजा, आणि दिवसाच्या गर्दीच्या वेळी मोजा.

८ मिलिसेकंद काय मोठे, असं वाटेल. शंभर वेगवेगळ्या सेशनमधून (जोडण्यांमधून) वेगवेगळ्या ओळींवर काम चालत असेल, तर खरंच फार फरक पडत नाही. सगळे एकाच वेळी थांबतात आणि एकूण काम जवळपास तेवढंच होतं. अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, एकाच सेशनमध्ये ओळीमागून ओळ कमिट करणारा रात्रीचा बॅच. स्थानिक डिस्कवर १ मिलिसेकंदात कमिट होत असेल तर सेकंदाला हजार व्हायचे, ते आता ११० वर येतात. एका तासाचा बॅच सकाळपर्यंत चालतो. यावर उपाय सोपा आहे: पाचशे-हजार ओळींनी एकदा कमिट करा. दुसरं ठिकाण जास्त फसवं आहे. कमिटची पोच येईपर्यंत त्या ट्रान्झॅक्शनने (एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटाने) धरलेले लॉक, म्हणजे ओळींवरचे ताबे, सुटत नाहीत. मी पाहिलेल्या एका सिस्टममध्ये पावती क्रमांक एका टेबलातल्या एकाच ओळीतून घेतला जायचा: ओळ लॉक करा, आकडा एकने वाढवा, पावती लिहा, कमिट करा. सिंक्रोनस सुरू केल्यावर त्या एका ओळीपुढे रांग लागली आणि सगळी सिस्टम सेकंदाला शंभराच्या आसपास पावत्यांवर येऊन थांबली. सीपीयू रिकामा, डिस्क रिकामी, तरी वापरणारे ताटकळत बसलेले. दोन दिवस सगळे नेटवर्कवाल्यांकडे बोट दाखवत होते. तुमच्याकडे अशी ‘गरम’ ओळ आहे का, हे सिंक्रोनसचा निर्णय घेण्याआधी शोधा.

याहून मोठी गोष्ट म्हणजे, एकच सिंक्रोनस स्टँडबाय ठेवला तर तुम्ही उपलब्धता वाढवत नाही, कमी करता. स्टँडबाय किंवा मधली लाइन पडली की प्रायमरीवरचे कमिट लटकतात. आता काम चालू राहायला दोन मशीन आणि एक लाइन अशा तिन्ही गोष्टी धडधाकट लागतात. मग रात्री कुणीतरी सिस्टम चालू करण्यासाठी सिंक्रोनस बंद करतं, आणि पुन्हा चालू करायचं राहून जातं. एका ठिकाणी ऑडिटला ‘शून्य डेटा लॉस’ म्हणून दाखवली जाणारी व्यवस्था प्रत्यक्षात सात महिने असिंक्रोनस चाललेली मला सापडली. कुणी लबाडी केली नव्हती. त्या सेटिंगवर पाळत ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मायएसक्यूएलच्या सेमी-सिंकमध्ये (पोचेची वाट पाहणाऱ्या त्याच्या प्रकारात) तर ही घसरण आपोआप होते. पोच ठरलेल्या वेळेत, मुळात १० सेकंदांत, आली नाही तर तो मुकाट असिंक्रोनस होतो. ओरॅकलच्या डेटा गार्ड या स्टँडबाय व्यवस्थेत निवड उघड करावी लागते: मॅक्सिमम ॲव्हेलेबिलिटीमध्ये स्टँडबाय नसला तरी प्रायमरी पुढे चालतो, मॅक्सिमम प्रोटेक्शनमध्ये एकाही स्टँडबायपर्यंत रीडू पोचवता आला नाही तर प्रायमरी स्वतःला बंद करतो. आपण यांपैकी नेमकं काय निवडलंय, हे टीममधल्या प्रत्येकाला माहीत हवं.

पोस्टग्रेसमधला आणखी एक बारकावा. पोच येण्याची वाट पाहत असलेला कमिट कुणी रद्द केला, तर तो रोलबॅक होत नाही, म्हणजे मागे घेतला जात नाही. स्थानिक डिस्कवर तो झालेला असतोच. फक्त ‘इथे कमिट झालं, पण स्टँडबायवर पोचलं नसेल’ अशी वॉर्निंग येते, आणि बहुतेक ॲप्लिकेशन ती वाचतच नाहीत.

म्हणून ४०० किलोमीटरसाठी माझं उत्तर: दूरचा स्टँडबाय असिंक्रोनस ठेवा. एकही कमिट गमावायचा नसेल, तर २०-३० किलोमीटरवर तिसरी जागा घ्या आणि तिथे सिंक्रोनस ठेवा. जाण्यायेण्याचा वेळ १ मिलिसेकंदाच्या आत राहतो. तिथे पूर्ण डेटाबेस लागत नाही. पोस्टग्रेससोबत येणारा ‘पीजी रिसीव्हवॉल’ हा प्रोग्राम ‘सिंक्रोनस’ पर्यायासह चालवला, की तो फक्त वॉल लिहून घेतो आणि पोच देतो. छोटं मशीन आणि चांगली डिस्क पुरते. ओरॅकलमधला फार सिंक हाच विचार आहे: डेटाफाइल नाहीत, फक्त कंट्रोल फाइल आणि रीडू लॉग. आपत्ती आली तर दूरचा स्टँडबाय राहिलेला वॉल या मधल्या जागेतून ओढून घेतो आणि मग प्रायमरी होतो. एक गोष्ट आधीच करून पाहा. शेवटची अर्धवट फाइल ‘पार्शियल’ शेपटी लावून पडलेली असते आणि ती शेपटी काढल्याशिवाय स्टँडबाय तिला उचलत नाही. तुमचे शेवटचे काही सेकंद नेमके त्याच फाइलमध्ये असतात.

इथे एक चूक अनेकजण करतात. कमिट लटकू नयेत म्हणून दोन सिंक्रोनस ठेवतात, एक त्याच खोलीत आणि एक मधल्या जागेत, आणि ‘दोघांपैकी कुणीही १’ अशी सेटिंग लावतात. मग पोच कायम त्याच खोलीतल्या मशीनची आधी येते. इमारतीला आग लागली तर दोन्ही जातात आणि मधल्या जागेत शेवटचे कमिट पोचलेच होते याची काहीच खात्री नसते. ‘कुणीही १’ लावायचं असेल तर दोन्ही वॉल घेणारे इमारतीबाहेरच ठेवा. सगळ्याच कमिटला ही किंमत मोजायला लावायची गरज नाही, हेही लक्षात घ्या. ‘सिंक्रोनस कमिट’ ही सेटिंग पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनपुरती बदलता येते. पैशांचे व्यवहार सिंक्रोनस, आणि कुणी कोणतं पान पाहिलं याच्या नोंदी स्थानिक, असं करता येतं. आरपीओ, म्हणजे किती वेळाचा डेटा गेला तर चालेल, हा आकडा अख्ख्या कंपनीसाठी एकच मागू नका. प्रत्येक प्रकारच्या नोंदीसाठी वेगळा विचारा. ‘काहीच जायला नको’ हे पहिलं उत्तर सगळीकडे येतं. मधल्या जागेचा खर्च समोर ठेवला की खरी चर्चा सुरू होते.

आता १०० मेगाबिटची लाइन. मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त काळजी हिचीच वाटते. ८०० जीबी हा आकडा इथे फारसा उपयोगाचा नाही. हवा तो वॉलचा आकडा, आणि तोही सरासरी नाही, तर सगळ्यात वाईट तासाचा. समजा दिवसाला १५० जीबी वॉल तयार होतो. सरासरी काढली तर १४ मेगाबिटही लागत नाहीत, लाइन ऐसपैस वाटते. पण त्यातले ६० जीबी रात्रीच्या बॅचच्या एका तासात होत असतील, तर त्या तासाला सुमारे १३३ मेगाबिट हवेत. १०० मध्ये तासाला ४५ जीबीच जातात. तासाच्या शेवटी १५ जीबी मागे राहतात, म्हणजे त्या क्षणी प्रायमरी गेला तर १५ मिनिटांचं काम गेलं. लाइन अजून २० मिनिटं नुसती हा अनुशेष भरत बसेल, तोवर नवा वॉल वेगळा. ‘आमचा आरपीओ ३० सेकंद’ असं कागदावर लिहिलेलं असतं आणि रोज रात्री दीडच्या सुमारास ते खोटं ठरत असतं.

वॉल कमी करायला वाव असतो. पोस्टग्रेस प्रत्येक चेकपॉइंटनंतर (मेमरीतले बदल डेटाच्या फाइलींत उतरवण्याच्या टप्प्यानंतर) कुठल्याही ८ केबीच्या पानावर पहिला बदल झाला की अख्खं पान वॉलमध्ये लिहितो. चेकपॉइंट ५ मिनिटांनी होत असेल तर तीच पानं पुन्हा पुन्हा पूर्ण लिहिली जातात. ‘चेकपॉइंट टाइमआउट’ ३० मिनिटांवर नेला, ‘मॅक्स वॉल साइझ’ त्याला पुरेशी वाढवली आणि वॉल कॉम्प्रेशन लावलं, की भरपूर फरक पडतो. १५ व्या आवृत्तीपासून त्यात एलझेडफोर आणि झेडस्टँडर्ड या दाबण्याच्या पद्धतीही आहेत. किंमत इतकीच की क्रॅशनंतर प्रायमरी उठायला जास्त वेळ लागतो. न वापरले जाणारे इंडेक्सही (ओळी पटकन शोधायच्या सूच्या) काढून टाका. प्रत्येक इंडेक्स आपापला वॉल जन्माला घालतो.

पहिल्यांदा स्टँडबाय भरायला याच लाइनवरून ८०० जीबी नेणं म्हणजे पूर्ण वेग मिळाला तरी जवळपास १८ तास. थेट प्रायमरीवरून बेस बॅकअप घेता येतो, पण मी तो मार्ग घेत नाही. रोजचा बॅकअप दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये ठेवा, स्टँडबाय त्या बॅकअपमधून रिस्टोअर करा, आर्काइव्हमधला (वेगळा साठवलेला) वॉल लावत पुढे आणा आणि मग स्ट्रीमिंगला, म्हणजे प्रायमरीकडून थेट येणाऱ्या वॉलला, जोडा. प्रायमरीवर भार पडत नाही, आणि त्याच ओघात तुमचा बॅकअप खरंच रिस्टोअर होतो हे सिद्ध होतं. दर दोन-तीन महिन्यांनी स्टँडबाय असाच नव्याने उभारला, तर बॅकअपची वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही.

रेप्लिकेशन स्लॉट वापराल तेव्हा सावध राहा. स्लॉट म्हणजे प्रायमरीने दिलेला शब्द: तुला पोचल्याशिवाय मी वॉल काढणार नाही. स्टँडबाय शुक्रवारी संध्याकाळी बंद पडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर प्रायमरी तो शब्द पाळत रविवारी डिस्क भरून स्वतः बंद पडतो. हे माझ्या डोळ्यांदेखत झालं आहे. आपत्तीसाठी आणलेल्या व्यवस्थेनेच आपत्ती आणली. १३ व्या आवृत्तीपासून ‘मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ’ आहे, पण मुळात ती अमर्याद असते. तिला आकडा द्या. मर्यादा ओलांडली तर स्टँडबाय स्लॉट गमावेल, पण आर्काइव्ह जागेवर असेल तर तिथून वॉल घेऊन पुन्हा मार्गी लागेल. आर्काइव्ह आणि स्लॉट दोन्ही ठेवायचे ते याचसाठी.

लॅग, म्हणजे स्टँडबाय किती मागे आहे ते, मोजताना दोन लॅग वेगळे पाहा. वॉल पोचला किती आणि लागू झाला किती. डेटा किती जाईल हे पोचण्यावर ठरतं, उठायला किती वेळ लागेल हे लागू होण्यावर. प्रमोट केल्यावर, म्हणजे प्रायमरी बनवल्यावर, स्टँडबाय आधी हाती आलेला सगळा वॉल लावतो, मगच नवं काम स्वीकारतो. वॉल लावण्याचं काम एकच प्रोसेस करते. प्रायमरीवर चाळीस सेशन मिळून जे लिहितात ते इथे एकटीला निस्तरायचं असतं. म्हणून ‘स्टँडबायच तर आहे’ म्हणून त्याला जुनी डिस्क देऊ नका. त्याच्यावर मोठे रिपोर्टही चालवू नका. रिपोर्ट आणि वॉल यांची टक्कर झाली की एकतर रिपोर्ट रद्द होतो, किंवा तुम्ही ‘मॅक्स स्टँडबाय स्ट्रीमिंग डिले’ वाढवून वॉल अडवून धरता. ‘हॉट स्टँडबाय फीडबॅक’ लावलं तर टक्कर कमी होते, पण प्रायमरीवर मेलेल्या ओळी साचत राहतात. रिपोर्टसाठी वेगळा स्टँडबाय ठेवा.

वेळेतला लॅग मोजायला बरेचजण आताच्या वेळेतून शेवटच्या लागू झालेल्या ट्रान्झॅक्शनची वेळ वजा करतात. रात्री प्रायमरीवर काही कामच नसेल तर हा आकडा उगाच वाढत जातो, खोटे अलार्म वाजतात, आणि थोड्याच दिवसांत लोक अलार्मकडे पाहणं सोडतात. त्यापेक्षा प्रायमरीवर एका छोट्या टेबलात दर ५ सेकंदांनी वेळ लिहा आणि स्टँडबायवर ती वाचा. दोन्ही मशीनची घड्याळं जुळलेली ठेवा. हा एकच आकडा प्रायमरी ते स्टँडबाय अख्खी साखळी तपासतो.

स्टँडबायवर काय येत नाही, याची यादी स्वतः बनवा, कारण ती प्रत्येकाची वेगळी असते. सेटिंगच्या फाइली, जोडणीच्या परवानगीची फाइल, सर्टिफिकेट, क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं, ऑपरेटिंग सिस्टममध्ये टाकलेली एक्स्टेन्शन, फायरवॉलचे नियम, यातलं काहीही वॉलमधून येत नाही. ‘अनलॉग्ड’ (वॉल न लिहिणारी) टेबलं प्रमोट झाल्यावर रिकामी असतात. ओरॅकलमध्ये ‘नोलॉगिंग’ने (रीडू न लिहिता) भरलेला डेटा स्टँडबायवर बिघडलेल्या ब्लॉकच्या रूपात भेटतो, म्हणून ‘फोर्स लॉगिंग’ पहिल्या दिवशीच लावा. पोस्टग्रेसमध्ये ‘मॅक्स कनेक्शन्स’ प्रायमरीवर वाढवलं आणि स्टँडबायवर विसरलं, तर स्टँडबाय अडून बसतो. वाढवताना नेहमी आधी स्टँडबायवर वाढवा.

या यादीतला सगळ्यात घातक मुद्दा दिसतच नाही. दोन्हीकडे ऑपरेटिंग सिस्टमची आवृत्ती वेगळी असेल, तर अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम वेगळे असू शकतात. २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ ने हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. प्रायमरी जुन्या लिनक्सवर आणि स्टँडबाय नव्यावर असेल, तर इंडेक्स एका क्रमाने बांधलेला आणि शोध दुसऱ्या क्रमाने, असं होतं. रेप्लिकेशन हिरवं दिसतं, लॅग शून्य असतो, आणि प्रमोट केल्यावर असलेला ग्राहक सापडत नाही, युनिक इंडेक्स असूनही एकच नाव दोनदा नोंदलं जातं. दोन्हीकडे आवृत्ती तीच ठेवा, आणि पोस्टग्रेसच्या ‘ॲमचेक’ या साधनाने इंडेक्स मधूनमधून तपासा.

आता फेलओव्हर. दोनच जागा असतील तर त्यांच्यात आपोआप फेलओव्हर लावू नका. दुसऱ्या जागेला पहिली दिसत नाही, याचा अर्थ पहिली गेली असा होत नाही. मधली लाइन गेली असेल, आणि पहिल्या जागेत लोक निवांत काम करत असतील. स्टँडबाय आपोआप प्रायमरी झाला तर दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी होऊ लागतात, आणि त्या एकत्र करणं हे या कामातलं सगळ्यात वेदनादायक काम आहे. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेत देखभालीच्या कामात नेटवर्क ४३ सेकंद तुटलं. तेवढ्यात फेलओव्हरच्या यंत्रणेने मायएसक्यूएलचे प्रायमरी अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर हलवले. पूर्वेकडे काही सेकंदांच्या अशा नोंदी होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झालेल्या. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. ४३ सेकंद नुसती वाट पाहिली असती तर काय झालं असतं, हा विचार मला फेलओव्हरचं टाइमआउट लिहिताना दर वेळी थांबवतो.

एका डेटा सेंटरच्या आत पॅट्रोनीसारखं फेलओव्हर सांभाळणारं साधन आणि प्रायमरी कोण हे बहुमताने ठरवायला तीन एटसीडी ठेवून आपोआप फेलओव्हर खुशाल लावा. दुसऱ्या शहरात जाण्याचा निर्णय माणसाला घेऊ द्या, पण तो कोण घेणार हे आधी लिहून ठेवा. मी पाहिलेल्या बहुतेक लांबलेल्या आपत्तींत प्रमोट करायला दोन मिनिटं लागली आणि ‘प्रमोट करू का?’ याचं उत्तर मिळायला दोन तास. साधं वाक्य पुरतं: ‘प्रायमरी १५ मिनिटं पोचत नसेल आणि डेटा सेंटर वेळ सांगू शकत नसेल, तर ड्यूटीवरचा डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) कुणालाही न विचारता प्रमोट करेल.’ खाली साहेबांची सही. रात्री तीन वाजता ड्यूटीवरच्या माणसाला त्या सहीचा किती आधार असतो, हे मी अनुभवलंय.

प्रमोटच्या आधी जुना प्रायमरी नक्की बंद आहे ना, याची सोय करा. मशीनला पोचता येत नसेल तर वीज बंद करा, स्विचचा पोर्ट बंद करा, निदान ॲप्लिकेशनकडून तिथे जाणारा रस्ता तोडा. जुना प्रायमरी तासाभराने आपोआप उठून काम घेऊ लागणं ही कल्पित गोष्ट नाही, म्हणून बूटवर डेटाबेस आपोआप सुरू होण्याची सेटिंग मी प्रायमरीवर बंदच ठेवतो. ॲप्लिकेशनच्या कनेक्शनमध्ये दोन्ही होस्टची नावं देऊन ‘लिहिता येईल असाच सर्व्हर हवा’ अशी अट पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून घालता येते. डीएनएसवर (नावावरून पत्ता देणाऱ्या सेवेवर) विसंबण्यापेक्षा ती बरी, कारण काही ॲप्लिकेशन एकदा मिळालेला पत्ता रीस्टार्ट होईपर्यंत सोडत नाहीत.

जुना प्रायमरी परत हाती आला की लगेच ‘पीजी रिवाइंड’ चालवू नका. ते साधन चांगलं आहे. वेगळ्या झालेल्या टाइमलाइनवरचे (प्रमोटनंतर फुटलेल्या इतिहासावरचे) बदल मागे घेऊन जुन्या प्रायमरीला नव्या प्रायमरीचा स्टँडबाय बनवतं. त्यासाठी डेटा चेकसम किंवा ‘वॉल लॉग हिंट्स’ आधीपासून चालू हवेत. पण ते ज्या नोंदी मागे घेतं, त्याच तुमच्या हरवलेल्या नोंदी असतात. आधी त्या डिरेक्टरीची पूर्ण प्रत काढा. ती प्रत वेगळ्या पोर्टवर एकटी उठवा, टाइमलाइन जिथे फुटली त्यानंतरचे व्यवहार शोधा आणि ते ज्यांचे आहेत त्यांच्या हाती द्या. ग्राहकाला पैसे भरल्याचा मेसेज गेलेला असतो आणि नव्या प्रायमरीवर त्याचा पत्ता नसतो. त्या माणसासाठी ते काही सेकंद म्हणजे त्याचे पैसे आहेत. ही प्रत राखली नाही तर त्याला सांगायला आपल्याकडे काहीच उरत नाही.

हे सगळं दर तीन महिन्यांनी खरोखर करून पाहा. तासाभरासाठी दाखवायला नको. काम दुसरीकडे हलवा आणि आठवडाभर तिथूनच चालवा, म्हणजे महिनाअखेरचा बॅच, पहाटेचे रिपोर्ट आणि बाहेरून जोडलेल्या सिस्टम सगळ्या तिथे धावतील. ठरवून केलेल्या स्विचओव्हरमध्ये एकही नोंद जात नाही: ॲप्लिकेशन थांबवा, प्रायमरी नीट शटडाउन करा, तो बंद होताना जोडलेल्या स्टँडबायला शेवटचा वॉल देऊन जातो. दोन्हीकडच्या शेवटच्या चेकपॉइंटची जागा जुळवून पाहा, प्रमोट करा, आणि जुन्याला स्टँडबाय म्हणून उठवा. रिवाइंडची गरज पडत नाही. प्रत्येक टप्प्याला घड्याळ लावा. तो एकूण आकडाच तुमचा खरा आरटीओ, म्हणजे काम पुन्हा सुरू व्हायला लागणारा वेळ. पहिल्यांदा तो कागदावरच्या आकड्यापेक्षा बराच मोठा येईल. चौथ्या वेळी निम्म्यावर आलेला मी पाहिला आहे, आणि दर वेळी कमी झालेला वेळ डेटाबेसमधला नव्हता. पासवर्ड शोधण्यातला, फायरवॉल उघडून घेण्यातला आणि एकमेकांना फोन करण्यातला होता.

खऱ्या आपत्तीनंतर मूळ जागी परतायची घाई करू नका. जुनं डेटा सेंटर सुरू झाल्याचा फोन आला की सगळ्यांना आजच रात्री परत जायचं असतं. तिथला स्टँडबाय आधी पूर्ण भरू द्या, दोन रात्रींचे बॅच त्याच्यावर लॅग न वाढता जाऊ द्या, नव्या प्रायमरीचा बॅकअप सुरू झालाय याची खात्री करा. तो बॅकअप जुन्या मशीनच्या क्रॉनमधून चालायचा आणि ते मशीन बंद असतं, हे या धावपळीत हमखास विसरतं. मग एखाद्या कमी गर्दीच्या दिवशी, उजेडात, वरच्याच स्विचओव्हरच्या पद्धतीने परत या.